लेपिडस मरेपर्यंत

इ.स.पू. ३६ चा सप्टेंबर महिना. सिसिलीच्या ईशान्य टोकाला, मेसाना शहरापाशी, मार्कस एमिलियस लेपिडसची छावणी पडली होती. समुद्रावरची लढाई नुकतीच संपली होती आणि शत्रू सेक्स्टस पाँपी पळून गेला होता. त्याचं उरलंसुरलं पायदळही लेपिडसला येऊन मिळालं, तेव्हा त्याच्या हाताखाली २२ लीजन जमली. आता सिसिली माझी, असं त्याने जाहीर केलं. त्याचा जोडीदार ऑक्टेव्हियन वयाने त्याच्या जवळजवळ निम्मा. तो मोजक्या स्वारांसह सरळ त्या छावणीत शिरला. कुणीतरी भाला फेकला, तो चिलखतावर आपटला. ऑक्टेव्हियन माघारी वळला खरा, पण पुढच्या काही तासांत लेपिडसचे सैनिक टोळ्याटोळ्यांनी त्याच्याकडे जाऊ लागले. शेवटी लेपिडसने सेनापतीचा झगा उतरवला आणि साध्या कपड्यांत धावत जाऊन तो ऑक्टेव्हियनसमोर उभा राहिला. पायावर डोकं ठेवायला वाकला, तर ऑक्टेव्हियनने उठून त्याला थोपवलं.

सैन्य गेलं, आफ्रिकेचा प्रांत गेला, रोमचा कारभार तिघांत वाटून घेणाऱ्या त्रिकुटातली जागाही गेली. लेपिडसची रवानगी रोमच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या किर्केई गावी झाली. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून काढून घेतली गेली नाही. तो पाँटिफेक्स मॅक्सिमस, म्हणजे रोमचा महापुरोहित होता, आणि तो तसाच राहिला. लोकांनी ऑक्टेव्हियनला म्हटलं, तेही पद घ्या आणि या माणसाला संपवून टाका. त्याने नकार दिला. हे पद आमरण असतं, जिवंत माणसाकडून ते काढून घेणं धर्माला धरून नाही, असं त्याचं म्हणणं. पुढे हाच ऑक्टेव्हियन ऑगस्टस झाला. ईजिप्त त्याचा झाला, खजिना त्याचा, सैन्य त्याचं, आणि त्याच्या नावाने लोक देवळं बांधू लागले. तरीही त्या एका पदासाठी तो चोवीस वर्षं थांबला.

ज्याने ऐन विशीत विरोधकांच्या याद्या करून त्यांची मुंडकी फोरममध्ये लावली, तो माणूस एका म्हाताऱ्या कैद्याच्या मरणाची वाट पाहतो, ही गोष्ट मला रोमच्या सगळ्या लढायांपेक्षा अधिक बोलकी वाटते. त्यात धर्मभीरूपणा किती होता आणि हिशेब किती, हे ठरवण्याआधी ते पद काय होतं ते पाहायला हवं.

परंपरेनुसार इ.स.पू. ५०९ मध्ये रोमने राजाला हाकललं. पण राजा जे यज्ञयाग करायचा ते कुणी करायचे, हा प्रश्न उरलाच. देवांना राजा लागतो. तो नसला तर ते रागावतील. रोमन लोकांनी यावर तोड काढली ती त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. त्यांनी एक माणूस निवडला, त्याला ‘रेक्स साक्रोरुम’, म्हणजे धर्मकृत्यांपुरता राजा म्हटलं आणि त्याला कोणतंही राजकीय पद घ्यायला बंदी केली. दरवर्षी २४ फेब्रुवारीला हा नावाचा राजा सभास्थानी बळी द्यायचा आणि तिथून पळत सुटायचा. सण म्हणून. राजा पळाला, हे दरसाल डोळ्यांनी पाहून घेण्याची ही सोय.

खरा अधिकार गेला तो महापुरोहिताकडे. फोरममधली ‘रेजिया’ ही जुनी वास्तू, राजाच्याच नावाने ओळखली जाणारी, त्याची कचेरी बनली. आपल्याकडे राजा आणि राजपुरोहित या दोन व्यक्ती असतात, त्यांच्या जातीही वेगळ्या. रोममध्ये तसा पुरोहितवर्गच नव्हता. ज्याने काल सैन्य चालवलं, आज जो सिनेटमध्ये भाषण ठोकतो आहे, तोच उद्या टोग्याचा पदर डोक्यावरून घेऊन यज्ञवेदीपुढे उभा राहणार. पुरोहितमंडळात सुरुवातीला फक्त कुलीन घराण्यांना प्रवेश होता, इ.स.पू. ३०० च्या ओगुल्नियन कायद्याने सामान्य घराण्यांनाही दार उघडलं. हुकूमशहा सुल्लाने मंडळाची संख्या १५ केली, सीझरने १६. कॉन्सलचं पद वर्षभराचं, प्रांताची सुभेदारी वर्षा-दोन वर्षांची. पुरोहितपद मात्र मरेपर्यंत. ज्या शहरात प्रत्येक अधिकाराला मुदत घातलेली होती, तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

महापुरोहिताची निवड लोक मतदानाने करायचे, तीही मोठ्या युक्तीने. रोमचे मतदार ३५ गटांत विभागलेले असत. त्यांतले १७ गट चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि तेवढ्यांनीच मत द्यायचं. १७ म्हणजे निम्म्याहून कमी. त्यामुळे ‘रोमच्या जनतेने’ पुरोहित निवडला असं कुणाला म्हणता येत नसे, आणि निवडणूक तर होतच असे. देवांचा मान राहिला, उमेदवारांची हौसही भागली.

या पदाकडे कामं कोणती? वेस्टा देवीच्या अग्नीची राखण करणाऱ्या सहा कुमारिकांवर त्याचा अधिकार चाले. त्यांची निवड तो करी. अग्नी विझला तर फटकेही तोच मारी. रेजियापाशी एक पांढरा फलक लावलेला असे. वर्षभरातल्या घडामोडी त्यावर लिहायच्या. थोरल्या केटोने तक्रार केली आहे की त्यावर धान्य कधी महागलं आणि ग्रहण कधी लागलं याखेरीज काही नसतं. (आजच्या इतिहासकाराला विचारा, केटोच्या भाषणांच्या बदल्यात तो असे दहा फलक आनंदाने घेईल.) पण राजकारणाच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचं काम होतं पंचांगाचं.

जुनं रोमन वर्ष ३५५ दिवसांचं. ते सूर्याच्या पुढे पळत जाई, म्हणून अधूनमधून फेब्रुवारीत २२ किंवा २३ दिवसांची भर घालून अधिक मास धरायचा. आपल्याकडे अधिक मास कधी येणार हे गणिताने ठरलेलं असतं. कोणता मंत्री सत्तेवर आहे यावर ते अवलंबून नसतं. रोममध्ये ते पुरोहितमंडळ ठरवायचं, आणि मंडळात बसलेले सगळे राजकारणी. अधिक मास घातला की आपल्या माणसाचं पद बावीस दिवसांनी लांबतं. नाही घातला की विरोधकाचं लवकर संपतं. ठेके, कर्जाचे हप्ते, खटल्यांच्या तारखा सगळं त्यावर हलायचं. इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो नाइलाजाने सिलिसियाचा सुभेदार म्हणून गेला. एक वर्ष काढायचं आणि परतायचं एवढीच त्याला घाई. तिथून तो मित्र ॲटिकसला पत्रांवर पत्रं लिहितो, की काहीही कर पण यंदा अधिक मास पडू देऊ नकोस. कॉन्सल राहिलेला, तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिणारा माणूस पंचांगासाठी वशिला लावतो आहे. इ.स.पू. ५० मध्ये त्रिबून असलेल्या क्युरिओला मात्र अधिक मास हवा होता. पुरोहितांनी तो दिला नाही, आणि क्युरिओ पक्ष बदलून सीझरच्या बाजूला गेला. त्याने फक्त निमित्त शोधलं, असं तेव्हाच्या लोकांनाही वाटत होतं. पण असलं निमित्त लोकांना पटण्यासारखं होतं, हेच बघा.

आणि त्या वेळी महापुरोहित होता कोण? ज्यूलियस सीझर. तो गॉलमध्ये लढत होता.

सीझरचा आणि धर्मपदांचा संबंध विशीच्या आतला. सुल्लाचे विरोधक मरियस आणि सिन्ना यांनी या पोराला ज्युपिटरचा खास पुरोहित, ‘फ्लामेन दियालिस’, करायचं ठरवलं होतं. मान मोठा, पण नियम असे की त्याने घोड्यावर बसायचं नाही, शपथ घ्यायची नाही, अंगावर कुठे गाठ असता कामा नये, शस्त्र घेऊन उभं असलेलं सैन्य नजरेलाही पडू द्यायचं नाही. सुल्लाने सत्तेवर येताच ती नेमणूक रद्द केली. सीझरवर एवढे उपकार त्याच्या कुठल्या मित्राने केले नसतील.

इ.स.पू. ६३ मध्ये महापुरोहित मेटेलस पायस वारला. जागेसाठी उभे राहिले क्विंटस लुटाशियस कॅटुलस आणि सर्व्हिलियस इसॉरिकस. दोघेही माजी कॉन्सल, दोघेही वयाने आणि मानाने मोठे. तिसरा उमेदवार सीझर, वय ३७, अजून प्रेटरसुद्धा झालेला नाही, आणि गळ्यापर्यंत कर्जात. कॅटुलसने निरोप पाठवला की मोठी रक्कम देतो, माघार घे. सीझरने कळवलं, याहून मोठी रक्कम कर्जाऊ काढीन पण लढेन. मतदानाच्या सकाळी आई ऑरेलिया दारापर्यंत आली, तिच्या डोळ्यांत पाणी. तिचा मुका घेऊन तो म्हणाला की आज तुझा मुलगा महापुरोहित होऊन येईल, नाहीतर येणारच नाही. यात नाटक नव्हतं. हरला असता तर सावकारांनी त्याला रोममध्ये राहू दिलं नसतं. तो जिंकला, आणि कसा! सुएटोनियस सांगतो की त्या दोघांच्या स्वतःच्या मतगटांतही सीझरला जेवढी मतं पडली तेवढी त्या दोघांना सगळे गट मिळूनही पडली नाहीत. कॅटुलसने हा डाव मनात ठेवला. त्याच वर्षअखेर कॅटिलिनाच्या सत्ता उलथण्याच्या कटात सीझरला गोवावं म्हणून तो सिसेरोच्या मागे लागला होता.

सीझर सुबुरा या गजबजलेल्या, काहीशा बदनाम वस्तीतून उठला आणि पवित्र मार्गावरच्या सरकारी वाड्यात राहायला आला. शेजारी वेस्टाच्या कुमारिका. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ६२ च्या डिसेंबरात, या वाड्यात बोना देआ देवीचा उत्सव होता. पुरुषाची सावलीही चालायची नाही असा. क्लोडियस नावाचा उनाड सरदारपुत्र बायकी वेश करून आत घुसला. सीझरच्या बायकोवर, पाँपियावर, त्याचा डोळा होता म्हणतात. एका दासीने त्याला हटकलं, कोण गं तू म्हणून. उत्तर देताना आवाज पुरुषी निघाला. ऑरेलियाने तत्काळ पूजेची भांडी झाकली, दारं लावून घेतली आणि मशाली घेऊन घरभर शोध घेतला. तो सापडला एका दासीच्या खोलीत. कुमारिकांनी उत्सव पुन्हा केला, पुरोहितमंडळाने हा धर्मद्रोह ठरवला, खटला उभा राहिला, आणि लाच चारून क्लोडियस सुटलाही. सीझरने बायकोला सोडलं, पण क्लोडियसविरुद्ध साक्ष दिली नाही. पुढे क्लोडियस त्याच्या कामी आला. महापुरोहिताच्या घरात देवीचा उत्सव बाटतो आणि महापुरोहित गप्प बसतो, कारण राजकारण.

पंचांगाचे धिंडवडे मात्र निघत गेले. सीझर गॉलमध्ये, मग यादवीत. अधिक मास जवळजवळ बंदच पडला. जानेवारी शरदात येऊ लागला. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत सीझरने रुबिकॉन ओलांडली असं आपण वाचतो, तेव्हा ऋतुमानाने नोव्हेंबर चालू होता. शेवटी इ.स.पू. ४६ मध्ये त्याने एकदाच सगळी थकबाकी चुकती केली. फेब्रुवारीत २३ दिवस, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये आणखी ६७. ते वर्ष ४४५ दिवसांचं झालं. अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिसच्या गणितावर ३६५ दिवसांचं वर्ष बसवलं, दर चार वर्षांनी एक दिवस जास्त. हे त्याने सर्वाधिकारी म्हणून केलं असं आपण धरतो. पण पंचांगाला हात लावायचा हक्क त्याला कर्ज काढून मिळवलेल्या पदाने दिला होता, आणि माझ्या मते त्याच्या सगळ्या विजयांपैकी टिकलेला विजय हाच. एका गोष्टीत तो फार दूरचं पाहून गेला. आता अधिक मासच उरला नाही, म्हणजे त्याची खरेदी-विक्रीही संपली.

इ.स.पू. ४४ च्या १५ मार्चला तो मारला गेला. सिनेटने आधी ठराव केला होता की सीझरला मुलगा झाला किंवा त्याने दत्तक घेतला तर महापुरोहितपद त्याला मिळावं. दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन अठरा वर्षांचा, ॲड्रिॲटिकपलीकडे अपोलोनियात शिकत होता. पुढे त्या त्रिकुटातला तिसरा होणाऱ्या अँटनीने वेळ दवडली नाही. शहराजवळ सैन्य होतं ते लेपिडसकडे. त्याला आपल्या बाजूला बांधून ठेवणं भाग होतं. अँटनीने आपली मुलगी लेपिडसच्या मुलाला देऊ केली, निवडणूक लोकांकडून काढून पुरोहितमंडळाकडे नेली आणि घाईघाईत लेपिडसला महापुरोहित करून टाकलं. तेव्हा नंतर ऑगस्टस म्हणत राहिला की या माणसाने गोंधळाचा फायदा घेऊन पद बळकावलं, त्यात तथ्य होतं. ऑगस्टसची स्वतःची पदं कोणत्या शांततेच्या काळात मिळाली होती, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

म्हणून ३६ सालचा तो नकार पुन्हा पाहू. लेपिडसकडून पद काढून घेतलं असतं, तर महापुरोहितही पदच्युत होऊ शकतो हा पायंडा पडला असता, आणि तो पुढे त्याच्याच अंगावर आला असता. शिवाय त्या वेळी त्याला एका गोष्टीची फार निकड होती. ज्याने कायद्याला धाब्यावर बसवून सत्ता घेतली, त्याला लोकांसमोर कायदा पाळताना दिसायचं होतं. लेपिडस हा त्यासाठी सापडलेला स्वस्त मुहूर्त. काही गमवायचं नाही, फक्त थांबायचं.

थांबण्याच्या काळात तो रिकामा बसला नव्हता. तो मंडळातला साधा पाँटिफेक्स होताच, शकुन पाहणाऱ्या ऑगुरांमध्येही होता, जवळपास सगळ्या धर्ममंडळांत त्याने जागा मिळवली. इ.स.पू. २८ मध्ये त्याने रोममधली ८२ देवळं दुरुस्त केली. इ.स.पू. १७ मध्ये शतसांवत्सरिक महोत्सव भरवला तो सिबिलीन ग्रंथ सांभाळणाऱ्या पंधरांच्या मंडळामार्फत, महापुरोहिताला बाजूला ठेवूनच. रोमच्या धर्माचा कर्ताकरविता तो होता. पद तेवढं किर्केईत होतं.

आणि लेपिडस? इतिहासकारांनी त्याला दुबळा, आळशी, दोन सिंहांमधला बोकड करून ठेवलं आहे. मला त्याची एक हकिकत विसरता येत नाही, अपियनने दिलेली. इ.स.पू. ३० मध्ये त्याच्या मुलाने ऑक्टेव्हियनला मारण्याचा कट केला. ऑक्टेव्हियनचा विश्वासू मायकेनस याने तो उघडकीला आणला आणि मुलगा प्राणाला मुकला. मुलाची आई जूनिया, सीझरला मारणाऱ्या ब्रूटसची बहीण, हिलाही यातलं माहीत होतं असा आरोप. ऑक्टेव्हियनपुढे हजर होईल म्हणून जामीन द्या, नाहीतर तिला पाठवतो, असं मायकेनस म्हणाला. जामीन राहायला कुणी पुढे येईना. म्हातारा लेपिडस कॉन्सलच्या दारी खेटे घालू लागला. हा कॉन्सल एकेकाळी त्या त्रिकुटाच्याच मृत्युयादीतून वाचलेला. चोपदार लेपिडसला ढकलून देत. शेवटी एकदा तो कॉन्सलसमोर पोचला आणि म्हणाला की मला जामीन धरा, नाहीतर मलाही तिच्याबरोबर पाठवा. त्याची ती दशा पाहून कॉन्सलने जामिनाची अटच काढून टाकली. त्या दिवशीही तो रोमचा महापुरोहित होता.

ऑगस्टसने त्याला सुखाने गावी मरूही दिलं नाही. त्याला मुद्दाम शहरात बोलावलं जाई, सिनेटच्या बैठकींना बसवलं जाई, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना टिंगल करता यावी. मत विचारायचं ते माजी कॉन्सलांमध्ये सर्वांत शेवटी. पदाला हात लावायचा नाही आणि पदावरच्या माणसाचा पाणउतारा करायचा, हे ऑगस्टसला छान जमत होतं. याला संयम म्हणणारे चरित्रकार आहेत. मला तो छळ वाटतो, शिस्तीत केलेला.

लेपिडस मेला इ.स.पू. १३ च्या अखेरीस किंवा १२ च्या सुरुवातीला. ६ मार्च १२ रोजी ऑगस्टस निवडून आला. उभ्या इटलीतून मतदानासाठी एवढे लोक आले की रोममध्ये इतकी गर्दी कधी नोंदली गेली नव्हती, असं तो स्वतःच्या कारकिर्दीच्या वृत्तान्तात लिहितो. हा वृत्तान्त आज अंकारातल्या देवळाच्या भिंतीवर वाचायला मिळतो. त्यात लेपिडसचं नाव नाही. ज्याने गोंधळात हे पद बळकावलं होतं ‘तो’ मेल्यावर, एवढाच उल्लेख. चोवीस वर्षं थांबलेला माणूस नाव घ्यायलाही तयार नव्हता.

मग कामं भराभर झाली. महापुरोहिताने सरकारी वाड्यात राहायला हवं, पण ऑगस्टसला आपलं पॅलाटाइन टेकडीवरचं घर सोडायचं नव्हतं. त्याने घराचा एक भाग सार्वजनिक करून टाकला, २८ एप्रिलला तिथेच वेस्टाची स्थापना केली आणि सीझरचा जुना वाडा कुमारिकांना देऊन टाकला. रोमची चूल राज्यकर्त्याच्या घरात आली. लोकांत फिरणारी भविष्यांची दोन हजारांहून जास्त पुस्तकं त्याने गोळा करून जाळली; सिबिलीन ग्रंथ तेवढे निवडून ठेवले, तेही अपोलोच्या देवळात, म्हणजे पुन्हा घराशेजारीच. भविष्य वर्तवण्यावर सत्ताधाऱ्याचा डोळा असतोच. ज्युपिटरचं ते फ्लामेन पद सत्तरहून अधिक वर्षं रिकामं होतं, तेही भरलं. त्या पदावरच्या पुरोहिताने इ.स. २२ मध्ये आशिया प्रांताची सुभेदारी मागितली, तेव्हा ऑगस्टसनंतरचा सम्राट तिबेरियस याने महापुरोहित म्हणून नियमावर बोट ठेवून ती नाकारली. प्रतिस्पर्ध्याला घरी बसवायला पूजेचे नियम पुन्हा उपयोगी पडले.

लेपिडसच्या काळातली एक चूकही निस्तरायची होती. सीझरने सांगितलं होतं की दर चौथ्या वर्षी एक दिवस जास्त घाला. रोमन मोजणीत सुरुवातीचं वर्षही धरतात. त्या हिशेबाने पुरोहितांनी दर तीन वर्षांनीच दिवस घातला. ३६ वर्षांत ९ च्या जागी १२ दिवस पडले. ऑगस्टसने काही काळ लीप दिवस थांबवून हिशेब जुळवला आणि नियम ब्राँझच्या पत्र्यावर कोरून घेतला. इ.स.पू. ८ मध्ये एका महिन्याला त्याचं नावही मिळालं. तो ऑगस्ट अजून आपल्या भिंतीवर आहे.

पुढे प्रत्येक सम्राट हे पद घेऊ लागला, आणि ती बातमी नाण्यांवरून दूर गेली. तिबेरियसच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बसलेली स्त्री आणि महापुरोहित ही पदवी, संक्षेपाने. बायबलमधल्या ‘सीझरचं ते सीझरला द्या’ या प्रसंगातलं नाणं हेच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. या प्रकारची नाणी दक्षिण भारतात, विशेषतः कोईमतूरच्या परिसरात, ढिगाने सापडली आहेत. त्यांच्या बरोबरीने सापडतं ते ऑगस्टसचं, त्याच्या दोन नातवांची चित्रं असलेलं नाणं. त्यावरही पुरोहिताची पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी आहे. मिरी विकणाऱ्याने चांदी तोलून घेतली असेल. कोण कुठला पुरोहित, त्याला काय त्याचं!

पद मिळालं म्हणून ते समजतंच असं नाही. इ.स. ६९ मध्ये सम्राट व्हिटेलियसने महापुरोहित होऊन धर्मकृत्यांविषयी जाहीरनामा काढला, तो १८ जुलैला. ॲलियाच्या काठी गॉल लोकांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला तो हा दिवस, शतकानुशतकं अशुभ मानलेला. रोमच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असायचं. लोकांनी तिथेच ओळखलं की याचं काही खरं नाही, आणि डिसेंबरात तो मारला गेला. सम्राट तीतुस म्हणे, महापुरोहिताचे हात रक्ताने माखू नयेत म्हणूनच मी हे पद घेतो, आणि त्याने कुणाला मारलं नाही असं सुएटोनियस लिहितो. त्याचाच भाऊ डोमिशियन याने तेच पद घेऊन उलट केलं. इ.स. ९० च्या सुमारास त्याने मुख्य कुमारिका कॉर्नेलियावर व्रतभंगाचा आरोप ठेवला. मंडळाची बैठक रेजियात घ्यायची, ती त्याने आल्बातल्या आपल्या बंगल्यावर बोलावली आणि तिला न बोलावता, तिचं न ऐकता दोषी ठरवलं. शिक्षा जुनीच होती. कॉलाइन वेशीपाशी जमिनीखाली एक लहान खोली, आत बिछाना, दिवा, थोडी भाकरी, पाणी, दूध, तेल. देवीला वाहिलेल्या बाईला उपाशी मारल्याचं पाप नको. शिडीने उतरवायचं आणि वरून माती लोटायची. प्लिनी लिहितो की उतरताना कॉर्नेलियाचं वस्त्र अडकलं; तिने मागे वळून ते नीट सावरून घेतलं. जल्लादाने आधाराला हात पुढे केला तर तिने अंग चोरलं. ती निर्दोष होती की नाही हे प्लिनी सांगत नाही, पण वागली निर्दोष माणसासारखी, एवढं नमूद करतो.

दोन सम्राट एकत्र राज्य करू लागले तेव्हाही महापुरोहित एकच असे. इ.स. १६१ मध्ये मार्कस ऑरेलियसने ल्यूशियस व्हेरसला सगळं वाटून दिलं, हे सोडून. इ.स. २३८ मध्ये मात्र प्युपिएनस आणि बाल्बिनस दोघेही महापुरोहित झाले. दोघांचंही राज्य तीनएक महिने टिकलं.

नवल पुढेच आहे. कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माकडे वळला तरी त्याने हे पद सोडलं नाही. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस दुसरा याने ३५७ मध्ये सिनेटमधून विजयदेवीची वेदी हलवली आणि त्याच भेटीत जुन्या देवांच्या पुरोहितांच्या रिकाम्या जागा भरल्या. धर्म बदलला, नेमणुकांचा अधिकार कोण सोडतो? टायबरवरच्या सेस्टियस पुलाच्या शिलालेखात ३७० च्या सुमाराचे तिन्ही ख्रिस्ती सम्राट महापुरोहित म्हणून नोंदलेले आहेत. त्यांतला एक ग्रेशियन. त्याच्याकडे पुरोहितांनी पदाचा झगा आणला आणि ख्रिस्ती माणसाला हे योग्य नाही म्हणून त्याने तो परत केला, असं झोसिमस सांगतो. त्या कथेच्या तपशिलांवर अभ्यासकांचा फारसा विश्वास नाही. पण ३८२ मध्ये त्याने वेस्टाच्या कुमारिकांचं सरकारी अनुदान बंद केलं, हे पक्कं. अनुदान बंद झाल्यावर त्या अग्नीला फार दिवस उरले नव्हते. त्यानंतरच्या सम्राटांनी पदवी जरा वळवून ‘पाँटिफेक्स इन्क्लिटस’, म्हणजे ख्यातकीर्त पुरोहित, असं लावायला सुरुवात केली. सहाव्या शतकातल्या अनास्तासियसच्या पत्रातही ती आहे.

ग्रेशियनने टाकलेली पदवी पोपने लगेच उचलली, असं सर्रास लिहिलं जातं. तसं झालेलं नाही. तिसऱ्या शतकात तर्तुलियनने एका बिशपला टोमणा म्हणून ती लावली होती, एवढंच. पोप ती नेमाने लावू लागले ते पंधराव्या शतकात, प्राचीन रोमचं वेड लागल्यावर. त्यांना वारसा हवा होता तो सीझरांचा, आणि तो त्यांनी नाण्यांवर, कारंज्यांवर, वेशींवर कोरून घेतला. सेंट पीटरच्या बॅसिलिकेच्या दर्शनी भिंतीवर १६१२ सालचा लेख आहे, पॉल पाचव्याचा. पदवी सीझरच्याच नाण्यावरच्यासारखी, संक्षेपात. चर्च ज्याच्या नावाचं, त्या प्रेषिताचा उल्लेख त्यात डाव्या कडेला आहे. ऐन मध्यभागी, मुख्य दाराच्या वर, पोपचं आडनाव आलं आहे: बोर्गेझे.